एम.एस्सी. करू की एम.एड.? तासगावच्या एका शिक्षिकेच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश:

‘सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका खासगी माध्यमिक शाळेत सात वर्षांपासून आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. शिक्षण बी.एस्सी. (गणित, ५८ टक्के) आणि बी.एड. वय ३१. गेल्या महिन्यात आठवीला वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवत असताना एका मुलीने विचारले, “बाई, परिघाच्या सूत्रातला पाय (π) आणि क्षेत्रफळाच्या सूत्रातला पाय एकच कसा?” मी “सूत्रच तसे आहे” असे सांगून तास पुढे नेला. ते उत्तर मला अजून टोचते आहे. तेव्हापासून पुढे शिकावे असे मनात आहे. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, एम.एड. करा, पदोन्नतीला उपयोगी पडेल. मैत्रीण म्हणते, एम.एस्सी. केल्याशिवाय कनिष्ठ महाविद्यालयात जाता येणार नाही. घरी तीन एकर द्राक्षबाग आहे, मुलगी चार वर्षांची आहे आणि सासूबाई तिला सांभाळतात. नोकरी सोडणे शक्य नाही. शिवाय बी.एस्सी.चे बरेचसे गणित मी विसरले आहे. मी काय करावे?’

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यात पदोन्नतीविषयी एक ओळ आहे, कनिष्ठ महाविद्यालयाविषयी दोन ओळी आहेत आणि उरलेला जवळजवळ सगळा मजकूर त्या मुलीच्या प्रश्नाविषयी आहे. कोणती पदवी घ्यावी याचा निर्णय करताना मी तुमच्या पत्रातील हे प्रमाणच सर्वांत विश्वासार्ह मानतो. म्हणून सुरुवात त्या प्रश्नापासूनच करतो.

त्या मुलीने विचारलेला प्रश्न दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. सर्व वर्तुळे परस्परांशी समरूप असतात, म्हणून परीघ हा व्यासाच्या एका ठरावीक पटीत असतो. त्या पटीला आपण पाय म्हणतो. त्याच कारणाने त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे क्षेत्रफळ हेही त्रिज्येच्या वर्गाच्या एका ठरावीक पटीत असते. येथवर दोन स्वतंत्र गोष्टींमधून दोन स्वतंत्र स्थिर संख्या आपल्या हाती आल्या आहेत आणि त्या दोन्ही एकच असल्या पाहिजेत असे समरूपता आपल्याला कोठेही सांगत नाही. त्यासाठी परीघ आणि क्षेत्रफळ यांना जोडणारा वेगळा दुवा लागतो. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने वर्तुळाचे क्षेत्रफळ सांगताना परिघाचे अर्ध गुणिले व्यासाचे अर्ध असे सांगितले, तो हाच दुवा आहे. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आर्किमिडीजने वर्तुळाचे क्षेत्रफळ हे परिघाएवढा पाया आणि त्रिज्येएवढी उंची असलेल्या काटकोन त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतके असते असे सिद्ध केले होते. दोघांच्याही विधानात पाय हा शब्द किंवा ती संख्या येत नाही, आणि म्हणूनच ती विधाने तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहेत.

तुम्ही कदाचित म्हणाल की वर्तुळाच्या पाकळ्या कापून उलटसुलट मांडण्याची कृती तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यातून जवळजवळ आयत तयार होतो आणि त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी भरते. ती कृती उत्तम आहे आणि ती वर्गात झालीच पाहिजे. पण आता दुसरे एक चित्र काढून पाहा. बाजू एक एकक असलेल्या चौरसाचा कर्ण काढा आणि त्या कर्णालगत आडव्या-उभ्या पायऱ्यांचा जिना काढा. पायऱ्या दहा असोत, शंभर असोत की दहा हजार असोत, आडव्या तुकड्यांची बेरीज एक आणि उभ्या तुकड्यांची बेरीज एक, म्हणजे जिन्याची लांबी नेहमी दोनच राहते. पायऱ्या बारीक होत गेल्या की डोळ्यांना मात्र जिना कर्णाला चिकटलेला दिसतो आणि कर्णाची लांबी तर दोनचे वर्गमूळ, म्हणजे साधारण १.४१४ आहे. पाकळ्यांच्या चित्रात ‘बारीक करत गेल्यावर’ जे घडते ते खरे, आणि जिन्याच्या चित्रात तसेच दिसणारे जे घडते ते खोटे, असे का? त्या जिन्याखालचे क्षेत्रफळ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाकडे जाते, पण लांबी कर्णाच्या लांबीकडे जात नाही, हे आणखी विचार करायला लावणारे आहे.

या ठिकाणी तुमच्यापुढे दोन वाटा फुटतात आणि मला वाटते, पदवीची निवड येथेच होते.

पहिली वाट विचारते की वक्ररेषेची लांबी म्हणजे नेमके काय. तिचे उत्तर असे की वक्ररेषेवर बिंदू घेऊन ते सरळ रेषाखंडांनी जोडावेत, अशा सर्व जोडण्यांच्या लांबी विचारात घ्याव्यात आणि त्या सर्वांना वरून अडवणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे त्या वक्ररेषेची लांबी. जिन्याचे सगळे कोपरे कर्णावर नसतात, एक सोडून एक कोपरा कर्णाबाहेर असतो. म्हणून या व्याख्येत जिन्याला जागाच नाही. आता पुढचा प्रश्न असा येतो की अशी सर्वांत लहान संख्या असतेच हे कशावरून, आणि तेथून वास्तव संख्यांच्या पूर्णतेचा, म्हणजे संख्यारेषेवर कोठेही फट नसण्याचा, विषय सुरू होतो. ही गणिताच्या एम.एस्सी.ची वाट आहे.

दुसरी वाट त्या मुलीकडे पाहते. तिला परीघ म्हणजे काय आणि क्षेत्रफळ म्हणजे काय हे वेगवेगळे जाणवते का? वर्गातील उरलेल्या मुलांना हा प्रश्न का पडला नाही? पाकळ्यांची कृती केल्यावर मुलांच्या मनात कोणती समजूत तयार होते, आणि जिन्याचे चित्र आठवीत दाखवावे की ती समजूत पक्की होईपर्यंत थांबावे? अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या पद्धतींचे ज्ञान यांखेरीज शिक्षकाजवळ एक तिसरे ज्ञान असते, आणि तो विषय शिकणाऱ्यापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो, कोठे अडतो, कोणत्या उदाहरणाने मोकळा होतो, हे जाणणे म्हणजे ते ज्ञान. गणितशिक्षण हा अभ्यासविषय मुख्यतः या ज्ञानाभोवती उभा आहे. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तेथे या विषयात पीएच.डी.पर्यंतचे संशोधन चालते.

मी दुसऱ्या वाटेला कमी लेखत नाही. उलट, आपल्याकडे ती फार थोड्यांनी चोखाळली याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु तुम्ही ज्या एम.एड.विषयी विचारता, ती बहुतांशी शिक्षणशास्त्राची सर्वसाधारण पदवी आहे. तिच्यात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधनपद्धती, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन हे विषय असतात; त्यांत गणिताचा वाटा एखाद्या लघुप्रबंधापुरता आला तर येतो. गणितशिक्षण हाच गाभा असलेली स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आपल्या भागात सहज मिळत नाही. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणातील एम.ए. आहे आणि इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) शिक्षणशास्त्रातील एम.ए. घरी राहून करता येते, पण तुमच्या मनातला प्रश्न आज ज्या टप्प्यावर अडला आहे, तेथे त्यांचा उपयोग नंतर होईल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही आधी गणितात एम.एस्सी. करावी.

नोकरीच्या बाजूनेही हाच क्रम योग्य ठरतो. मुख्याध्यापकपद बी.एड., सेवेचा अनुभव आणि ज्येष्ठता यांवर ठरते, त्यासाठी एम.एड. सक्तीची नाही, तुमच्या मुख्याध्यापकांनी चांगल्या हेतूने सल्ला दिला असला तरी एवढ्याच कारणासाठी दोन वर्षे देऊ नयेत. नियमित एम.एड. पूर्णवेळ असते, म्हणजे नोकरी सांभाळून ती होणार नाही. अकरावी-बारावीला शिकवण्यासाठी मात्र त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. असे दोन्ही लागते, आणि त्यातील एक तुमच्याकडे आहेच. वरिष्ठ महाविद्यालयात जायचे असेल तर एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागते. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत सवलत आहे. पुढे कधी अध्यापक महाविद्यालयात गणित अध्यापन पद्धती शिकवावी असे वाटले, तर तेथे एम.एड.बरोबर गणिताची पदव्युत्तर पदवीही पाहिली जाते. म्हणजे कोणत्याही दिशेने गेलात तरी एम.एस्सी. वाया जात नाही.

आता नियमित की दूरशिक्षण, हा प्रश्न. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार सत्रांची असते. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. विद्यापीठाच्या गणित अधिविभागात नियमित शिकणे हा निःसंशय सर्वांत चांगला मार्ग आहे, पण तासगावहून कोल्हापूरला रोज जाऊन-येऊन तीन-चार तास प्रवासात जातील, आणि चार वर्षांच्या मुलीच्या आईला मी तो मार्ग सुचवणार नाही. सांगलीतील एखाद्या महाविद्यालयात नियमित प्रवेश घ्यायचा तर शाळेकडून अध्ययन रजा आणि ना हरकत पत्र लागेल. खासगी शाळेत पगारी रजा मिळणे किती अवघड असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरीही एकदा संस्थेकडे लेखी अर्ज करावा, तोंडी विचारून मिळालेल्या नकारावर थांबू नये. आय.आय.टी.ची एम.एस्सी. प्रवेशासाठीची जॅम परीक्षा वयाची अट न ठेवता घेतली जाते, परंतु तो मार्ग घर सोडून राहू शकणाऱ्यांसाठी आहे.

तेव्हा तुमच्यासाठी दूरशिक्षण उरते. त्याविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षासाठी त्या विद्यापीठाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता आहे, हे मात्र आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटाच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या शब्दावर विसंबू नका. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांच्याकडे पहिल्यांदा चौकशी करा. इग्नूची गणितातील एम.एस्सी. संगणकशास्त्रातील उपयोजनांसह आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी तिचा अभ्यासक्रम नीट वाचून घ्या, कारण तुम्हाला ज्या विषयांची ओढ आहे त्यांना तेथे किती जागा आहे हे तुम्हीच ठरवू शकाल.

दूरशिक्षणातून गणित शिकणे अवघड असते, आणि ते का अवघड असते हे मी जवळून पाहिले आहे. बरीच वर्षे मी रविवारी होणाऱ्या संपर्क सत्रांत शिकवले. समोर बसलेले बहुतेकजण तुमच्यासारखेच नोकरी करणारे शिक्षक असत. छापील साहित्य त्यांच्याकडे होते, मागील प्रश्नपत्रिका होत्या, कष्टांची तयारीही होती. तरी पहिल्या सत्रानंतर निम्मे लोक येईनासे होत. टिकले ते प्रामुख्याने जोडीने अभ्यास करणारे. कवठेमहांकाळचे दोन शिक्षक एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत एकमेकांना सिद्धता सांगत असत, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारायचे. सिद्धता वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते आणि आपल्याला ती समजली असे वाटते. ती कोरी पाटी समोर ठेवून दुसऱ्याला सांगू लागलो की कोठे अडतो ते कळते. तुम्हाला असा एक जोडीदार शोधावा लागेल. तुम्हाला एम.एस्सी. सुचवणारी ती मैत्रीण स्वतः एम.एस्सी.चा विचार करते का, हे तिला विचारून पाहा.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मी हे उशिरा शिकलो. एम.एस्सी.ला मी सिद्धता पाठ करून पहिला वर्ग मिळवला होता. एका महाविद्यालयात लागल्यावर पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले की सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येत एप्सिलॉन आधी आणि डेल्टा नंतर का घेतात, क्रम उलटा केला तर काय बिघडेल. मला व्याख्या तोंडपाठ होती आणि त्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. पुढची दोन वर्षे मी एम.एस्सी.चा बराचसा अभ्यास पुन्हा केला, या वेळी कोणतीही परीक्षा नसताना. तुम्ही तो अभ्यास एकदाच करावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे. अपेक्षित प्रश्नसंचांवर आजही उत्तीर्ण होता येते. तुम्ही तसे करू नका, कारण तसे केले तर ज्या कारणासाठी शिकायला निघालात तेच हातातून निसटेल.

गणित विसरले, याची फार काळजी करू नका. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात जे लागते त्यातील बराच भाग दोन विषयांत आहे: रिअल अनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा. ग्रुप थिअरी तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. प्रवेशापूर्वीचे पाच-सहा महिने या दोनच विषयांना द्या, आणि नवे पुस्तक शोधण्यापेक्षा तुमचेच बी.एस्सी.चे पुस्तक पुन्हा काढा. एन.पी.टी.ई.एल. आणि स्वयम् या संकेतस्थळांवर दोन्ही विषयांची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात, पण ती पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. अर्धा तास व्याख्यान आणि एक तास वही, असे प्रमाण ठेवा. तयारी पाहण्यासाठी एक साधी कसोटी सांगतो. वाढत जाणारी आणि वरून बद्ध असलेली क्रमिका अभिसारी असते, म्हणजे एका ठरावीक संख्येकडे जाते, हे पुस्तक मिटून सिद्ध करा. त्यात पूर्णतेचा गुणधर्म नेमका कोणत्या ओळीत वापरला ते अधोरेखित करा, आणि मग केवळ परिमेय संख्या घेतल्या तर तीच सिद्धता कोठे मोडते ते लिहा. हे तिन्ही जमले तर तुम्ही तयार आहात.

माध्यम इंग्रजी असेल. तुम्ही बी.एस्सी. इंग्रजीतूनच केली आहे, त्यामुळे त्याची भीती नको. पण विचार मराठीत करून उत्तर इंग्रजीत लिहायला कोणताही संकोच बाळगू नका. ‘प्रत्येक’ आणि ‘किमान एक’ या दोन शब्दांचा क्रम मराठीत स्वतःला स्पष्ट झाला की इंग्रजी वाक्य आपोआप नीट येते, असा माझा अनुभव आहे.

वेळेचा हिशेब मात्र घरच्या सर्वांसमोर बसून करा. बागेची फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि खरडछाटणी एप्रिलमध्ये, आणि सत्रपरीक्षाही साधारण त्याच सुमारास, म्हणजे दोन्ही ताण एकाच वेळी येणार. त्या दोन हंगामांत मजुरांच्या जेवणाची आणि घरच्या कामाची वेगळी सोय काय करायची, हे यजमानांशी आणि सासूबाईंशी आजच बोला, ऐन परीक्षेच्या आठवड्यात नको. सासूबाई नातीला सांभाळतात म्हणून त्यांच्यावर आणखी भार टाकता येईल असे गृहीत धरू नका. त्यांना विचारा, आणि तुम्ही काय शिकणार आहात ते त्यांना सांगाही. चार सत्रे ओळीने झाली नाहीत तरी चालेल. तीन वर्षे लागली तर लागू द्या, मात्र विद्यापीठाने पदवी पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त किती मुदत दिली आहे ते माहितीपत्रकात आधी पाहून ठेवा.

एम.एस्सी.ला प्रवेश घेतल्यावर एका उन्हाळ्यात शक्य झाले तर एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणिताच्या चार आठवड्यांच्या शिबिरासाठी अर्ज करा. १९९३ पासून चालत आलेल्या या उपक्रमात शिकवण्यापेक्षा प्रश्न विचारून विद्यार्थ्याकडून सिद्धता काढून घेण्यावर भर असतो. चार आठवडे घर सोडणे तुम्हाला जमेल की नाही हे मला सांगता येत नाही. जमले तर ते चुकवू नका.

आणि त्या आठवीतल्या मुलीला एम.एस्सी. होईपर्यंत थांबवू नका. येत्या आठवड्यातच वर्गात दहा सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला सांगा. कंपासने त्यात सुसम षटकोन काढता येतो, कारण त्याची बाजू त्रिज्येएवढीच असते. केंद्रापासून कोपऱ्यांपर्यंत रेषा काढल्या की सहा त्रिकोण होतात. प्रत्येकाचे क्षेत्रफळ पायाच्या निम्मे गुणिले उंची, म्हणून षटकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या परिमितीच्या निम्मे गुणिले केंद्रापासून बाजूपर्यंतचे अंतर. परिमिती ६०, अंतर मोजून साधारण ८.७, क्षेत्रफळ सुमारे २६०. मग प्रत्येक कंसाचा मध्य घेऊन बारा बाजू करा: परिमिती सुमारे ६२.१, अंतर सुमारे ९.७, क्षेत्रफळ ३०० च्या आसपास. चोवीस बाजूंना क्षेत्रफळ ३१०.६ येते, ते तुम्ही फळ्यावर सांगा. परिमिती परिघाकडे आणि ते अंतर त्रिज्येकडे सरकताना मुलांना दिसेल, आणि ‘परिघाचे निम्मे गुणिले त्रिज्या’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून येईल. त्यात परिघाचे सूत्र घातले की दोन्हीकडचा पाय एकच का, हे त्या मुलीला स्वतः लिहू द्या. बाजू वाढवत गेल्यावर परिमिती खरोखर परिघाकडेच जाते हे कशावरून, असे तिने पुढे विचारले, तर या वेळी तिला सांगा की तो प्रश्न बरोबर आहे, त्याचे उत्तर आहे, आणि तेच शिकण्यासाठी बाई पुन्हा विद्यार्थिनी होणार आहेत.